रविवारची घंटा

ग्लेनफरच्या संग्रहालयातली घंटा दर रविवारी दुपारी वाजायची आणि दर रविवारी डॉर्कस अंब्रमची आई धडपडत खुर्चीतून उठून दाराशी जायची.

"कोण पळालं गं?"

"कुणी नाही, आई. बस खाली."

"मग वाजतेय कशाला? आपला सायमन कुठाय?"

सायमन म्हणजे आईचा थोरला भाऊ. तो पळाला तेव्हा आई सात वर्षांची होती. आता तिने नव्वदी ओलांडलेली. त्यांच्या बापाला दूर समुद्रातल्या बेटावरून बोटीत घालून आणलं होतं, ऊस तोडायला. पोरं मळ्यातच जन्मली, मळ्यातच राबायला लागली. घंटा पहाटे वाजायची आणि सगळ्यांना अंधारात उठवून फडात उभं करायची. आठवड्याचे सहा दिवस. रविवारी मात्र ती गप्प असे. रविवारी वाजलीच, तर तिचा अर्थ एकच: कुणीतरी पळालंय, घोडे काढा, कुत्री सोडा. सायमनला त्यांनी नदीकाठी गाठला. घरी आणला तो फळीवर घालून.

आणि आता गावाचा इतिहास जपायला निघालेल्या भल्या माणसांनी तीच घंटा जुन्या कचेरीच्या ओसरीत टांगली होती. संग्रहालय चालवणारे सगळे बिनपगारी हौशी. बहुतेकांना सवड फक्त रविवारी. म्हणून संग्रहालय रविवारी उघडायचं, आणि उघडलं की घंटा वाजायची. चिनी मातीच्या किटल्या कुठल्या सालच्या ते त्यांना पाठ. घंटा कोणत्या वारी वाजवू नये, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं कुणाला? ज्यांना ठाऊक होतं त्यांच्या घरी हे लोक कधी चहाला गेले नव्हते.

एके रविवारी आईला शेजारणीकडे बसवून डॉर्कस तिकीट काढून आत गेली. घंटेखाली पाटी होती: 'हिच्या मंजुळ नादाने मळ्यातल्या मंडळींचा दिवस सुरू होई.' डॉर्कसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंडळी! जशी काही सहलीलाच आली होती.

टेबलाशी मर्ल हॉस्किन बसली होती. पोस्टातून निवृत्त झालेली बाई. संग्रहालयाचा सगळा गाडा तिच्याच जिवावर चालायचा.

"मर्लबाई, ती घंटा वाजवणं बंद नाही का करता येणार?"

"अगंबाई, का? पोरांचा जीव आहे तिच्यावर! आणि रूपर्ट पेटिंजेलनी ठेवायला दिलीय, त्यांच्या आजोबांच्या मळ्यावरची. छपराचा खर्चही तेच करणार आहेत. त्यांना काय सांगू मी?"

सायमनचं तेव्हाच सांगता आलं असतं. डॉर्कसने गिळलं. सांगितलं असतं तर मर्लने चुकचुक केली असती, भोपळ्याच्या गोड पावाची बशी पुढे केली असती आणि पुढच्या रविवारी घंटा वाजवली असती. डॉर्कसला कीव नको होती. तिला पेटिंजेलची मान खाली गेलेली बघायची होती, चारचौघांत, दिवसाउजेडी.

"मला इथे काम करायचंय," ती म्हणाली.

माणसांची वानवाच होती. मर्ल हरखली. बाकीच्या बायांना टेबल मिळालं, पाहुण्यांना माहिती सांगण्याचा मान मिळाला. डॉर्कसच्या हातात पितळ घासायची चिंधी आणि डबा आला.

"तुमच्या लोकांच्या हाताला काय लकाकी येते गं!" मर्ल कौतुकाने म्हणाली.

"हो ना," डॉर्कस म्हणाली. "सवय आहे आम्हाला."

दर गुरुवारी ती शिडीवर चढून घंटा घासू लागली. आतून, बाहेरून. आतला लोखंडी लोलक एका गंजक्या बोल्टवर लटकला होता. ती त्याला दर खेपेला थोडं तेल पाजायची. वर्षभर तिने दात ओठ खाऊन ती घंटा अशी चमकवली, की गावातली माणसं त्यात तोंड बघत. खालून कुणी वर मान करून बघत नव्हतं. घासणाऱ्या बाईकडे कोण बघतं?

मग संग्रहालयाचा वाढदिवस आला. रविवारच. पेटिंजेल स्वतःच्या हाताने घंटा वाजवणार होता आणि नव्या छपराची घोषणा करणार होता. आदल्या गुरुवारी बोल्ट मुकाट्याने निघाला.

रविवारी डॉर्कसने आईला चाकांच्या खुर्चीतून आणून पहिल्या रांगेत बसवलं. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं.

"हे धर घट्ट. तुझ्याकडे असलं की ती वाजत नाही."

आईने दोन्ही हातांनी धरलं.

पेटिंजेलने भाषण केलं. आजोबांच्या कष्टांबद्दल बोलला, मळ्यातल्या जिव्हाळ्याबद्दल बोलला. मग बाह्या सारून दोरी ओढली. घंटा ऐटीत झुलली. आवाज नाही. त्याने पुन्हा ओढली. पोरं फिदीफिदी हसली.

"काका, जेवला नाहीत का?" मागून कुणीतरी ओरडलं.

पेटिंजेलने घंटेत डोकावून पाहिलं. "लोलक कुठे गेला?"

"मी काढला," डॉर्कस म्हणाली. "घासायला दिली होतीत ना? घासता घासता काढला."

"काढला? आहे कुठे?"

"हा काय समोर. माझ्या आईच्या मांडीवर. तिच्याकडे मागून घ्या. जरा मोठ्याने बोला हं साहेब, तिला ऐकू कमी येतं. घंटा तेवढी येते."

सगळे बघत होते. तो हसऱ्या चेहऱ्याने वाकला. "आजी, द्या बघू ते इकडे."

आईने मान वर केली. त्या जबड्याकडे, त्या भुवयांकडे बघत राहिली.

"कोण पळालं, मालक?"

"कुणी नाही पळालं, आजी."

"मग रविवारची कशाला वाजवता?"

पेटिंजेल सरळ उभा राहिला. उत्तर डॉर्कसने दिलं. मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिने रविवारच्या घंटेचा अर्थ सांगितला. कुत्री सांगितली, नदी सांगितली, फळी सांगितली, सायमनचं वय सांगितलं.

"आणि पुढच्या घोड्यावर कोण होतं, तेही सांगू? की जबडा बघून कळतंय सगळ्यांना?"

"पुरे!" पेटिंजेलचा चेहरा लालबुंद झाला. "ही चोरी आहे. मर्ल, पोलिसांना फोन कर."

मर्ल खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. वर्षानुवर्षं दर रविवारी तिनेच दोरी ओढली होती.

"तूच कर, रूपर्ट. आणि ते आले की दाखव त्यांना, कुणाच्या मांडीवरून ओढून घ्यायचंय ते."

"छपराचं विसर मग!"

"पावसात बादल्या लावू."

त्याने लोलक पुन्हा मागितला नाही, घेतलाही नाही. पहिल्या रांगेसमोरून मान खाली घालून गेला. डॉर्कसने ती मान डोळे भरून पाहिली. तिला वाईट वाटलं नाही. जरासुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच्या माणसांनी घंटा उतरवून ट्रकमध्ये घातली. नेऊ दिली. ती आता त्याच्या फाटकावर टांगलेली आहे, मुकी. ओसरीत रिकामा हूक तसाच ठेवलाय आणि त्याखाली मर्लने काचेत लोलक मांडलाय. पाटी डॉर्कसने लिहिली. तिच्यात मंडळी नाहीत, सायमन आहे. शाळेची पोरं आली की डॉर्कस काच उघडून लोलक त्यांच्या हातात देते. "जड आहे," पोरं म्हणतात. "हो," ती म्हणते. छप्पर गळतं. बादल्या आहेत.

आई रविवारी दुपारी चाकांच्या खुर्चीत घोरत असते.

महिन्यापूर्वी पेटिंजेलचा निरोप आला. लोलक परत हवाय, वकिलाशी बोललोय, पण सामोपचाराने मिटवू.

डॉर्कसने उलट निरोप धाडला: 'स्वतः या. रविवारी या, दुपारी. तिकीट काढा. आई पहिल्या रांगेत असेल. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या आणि घेऊन जा.'

दर रविवारी ती संग्रहालयात आईच्या समोर एक रिकामी खुर्ची मांडून ठेवते. पुसून, लख्ख करून. अजून कुणी आलेलं नाही.