करंजेल प्यालेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. पण माझ्या अंगाला वास येतो तो नावेचा. तो कसा लागला, ते सांगते.

माझा जन्म इटलीतला. लढाईच्या धामधुमीत भिलवडीच्या केरबाने दोन कांबळी देऊन मला घेतले. केरबा पलटणीतला शिपाई, बाप कोंडीबा कृष्णेवरचा नावाडी. छावणीत केरबा माझ्यावर एकच चाल वाजवी आणि म्हणे, "लढाई सरली की तुला आमच्या नावंवर नेतो. शिडाखाली बसून तात्यांना ऐकवतो." चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात तिथल्याच एका नदीकाठी तो पडला.

त्याचा जोडीदार, मलकापूरचा कृष्णात, मला कोंडीबांच्या स्वाधीन करून गेला. माझ्या तारा तुटल्या होत्या. तो म्हणाला, "फुडल्या रजेला नव्या तारा आनतो, तात्या. केरबाची चाल मला येती. नावंवरच वाजवू."

त्या एका चालीसाठी कोंडीबांनी वर्ष काढले. सांगलीला गुळाच्या ढेपा नेताना मला गोधडीत गुंडाळून जवळ ठेवत. आणि दर पुनवेला नावेच्या फळ्यांबरोबर मलाही आतून-बाहेरून करंजेल, म्हणजे करंजाचे तेल, चोळत. इतक्या मायेचा हात माझ्यावरून कधी फिरला नव्हता. मला मात्र गुदमरायला होई. नावेच्या लाकडाने पाणी अडवायचे असते, माझ्या लाकडाने थरथरायचे असते. पण हे मी सांगणार कशी?

कृष्णात आला. भर नदीत त्याने तारा चढवल्या, छेडल्या. नुसतीच ठकठक.

"तात्या, हिला काय केलंत?"

"त्याल दिलं रं, नावंला देतो तसं. लाकूड हाय, वाळंल म्हनलं."

"त्यालानं आवाज बसला हिचा."

"म्हंजी मीच..."

तरी कृष्णातने चाल धरली. वाऱ्यात ती डोलकाठीपर्यंतही पोचेना. कोंडीबांनी वाकून माझ्या पोटाला कान लावला आणि त्यांच्या हातातले सुकाणूच सुटले.

"आरं, ही तर माजी हाळी! शीड वडताना घालतो ती!"

केरबा गेल्याची तार आली, तेव्हापासून ती हाळी बंद होती. शीड मुकाट्याने चढे. आता माझ्याच्याने होईना, म्हणून कोंडीबांनी स्वतः सूर लावला. घोगरा, फाटका, पण पैलतीरापर्यंत गेला. त्यांच्या डोळ्यांचे पाणी माझ्यावर पडत होते. मी आपली खालून ठकठकत राहिले.

मित्रांनो, कुणाला जपायचे असेल तर त्याला काय सोसते, ते आधी जाणत्याला विचारा. माझा आवाज काही परत आला नाही. पण त्यानंतर कोंडीबांनी हाळीवाचून शीड कधी चढवले नाही, आणि हाळी घालण्याआधी माझी गोधडी सोडायलाही ते कधी विसरले नाहीत.