सहा बोल्ट आणि एक पाई

डेट्रॉईटला बनणाऱ्या गाड्यांच्या सगळ्या इंजिनांची आई एकच, असं व्हर्लिनने आमच्या गावात जाहीर करून टाकलं. कोणतंही इंजिन घ्या, पाठीमागची बोल्टांची भोकं गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडाशी जुळणारच. त्याच आठवड्यात त्याने आपल्या सहासष्ट सालच्या पाँटिअॅक गाडीला शेवरलेटचं इंजिन लावून पाहिलं. खालची भोकं जुळली, वरची तोंड फिरवून बसली. आई एक असली तरी बाप वेगळे, एवढी दुरुस्ती करून व्हर्लिन पुन्हा कामाला लागला.

लागणं भागच होतं. दोन वर्षं गावाच्या मिरवणुकीत ती गाडी त्याचा मेहुणा लोवेल ट्रॅक्टरने ओढत नेत होता, आणि लोकांना हातही लोवेलच हलवत होता. यंदा गाडी स्वतःच्या दमावर जाणार होती.

व्हर्लिनने पिझ्झाच्या खोक्याचं झाकण गिअरबॉक्सच्या तोंडावर दाबलं, उमटलेली भोकं कापली आणि ते घेऊन जुन्या सामानाच्या बाजारात एकेका इंजिनाची पाठ मोजत हिंडला. एका ओल्ड्समोबिल गाडीच्या इंजिनाला ते असं चपखल बसलं, की त्याने मालकादेखत इंजिनाला मिठी मारली.

मिरवणुकीच्या सकाळी इंजिन साखळीला लटकलं. अर्धी गल्ली गॅरेजात जमली. लोवेल दारात ट्रॅक्टरवर बसून दर बोल्टाला विचारत होता, "दोर आणू का?" पहिला बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेला. दुसरा, तिसराही. चौथ्याला लोवेल विचारायचं विसरला. सहावा बसला तेव्हा पाद्रीबुवांनी उडवलेली टोपी वर तुळईला अडकली. ती काढायचं कुणाला सुचलं नाही.

"आता बोल," व्हर्लिन लोवेलला म्हणाला.

"बोलायचंय काय? मागच्या सीटवर जागा ठेव."

रेडिएटर, नळ्या, तारा, सगळं दुपारपर्यंत झालं. कोपऱ्यावर बँड वाजू लागला. व्हर्लिनने किल्ली फिरवली. स्टार्टर गर्रकन फिरला, अगदी मोकळा, शीळ घालत. इंजिन ढिम्म.

तेवढ्यात व्हर्लिनची बायको मार्व्हा स्वयंपाकघरातून डोकावली. "सफरचंदाची पाई गार झाली. गॅरेजात ते दातेरी कडेचं लोखंडी चाक बरं सापडलं गरम ताटलीखाली ठेवायला. धुऊन ठेवू का?"

स्टार्टरने ज्याला फिरवायचं आणि ज्याने इंजिनाला फिरवायचं, ते हे चाक. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसायचं. क्लचचं खोकंही बाकाखाली न फोडलेलं होतं. भोकं जुळण्याच्या आनंदात मध्ये काही असतं, हेच सगळे विसरले होते.

बँड जवळ आला. व्हर्लिनने काच खाली केली.

"लोवेल, यंदा दोर जरा लांब घे. ट्रॅक्टरचा धूर डोळ्यांत जातो."