पोकलेनचा दात

हिरासिंगने पोकलेनची बादली जमिनीवर टेकवली आणि कपाळाला हात लावला. बादलीचा एक दात गायब होता.

"दगडाच्या ढिगात गेला असंन, नीळकंठभाऊ. क्रशर बंद करा," तो म्हणाला.

नीळकंठ केळापूरजवळच्या त्या खदानीवरचा सुपरवायझर. मोटरचा खटका त्याच्या हाती. "कायले घाबरून राह्यला?" तो हसला. "पट्ट्यावर लोहचुंबक का नजर लागू नये म्हणून टांगलं हाय? वरच्या वर उचलंन ते." चौपदरी रस्त्याला खडी हवी होती, मालकाचा फोनवर फोन येत होता, आणि नीळकंठला आपल्या हुशारीची घमेंड काही कमी नव्हती.

पट्ट्यावरून दगड जिथे क्रशरच्या जबड्यात पडत, तिथे रुपीबाई उभी असे. कापसाचे दिवस फिरले, भाव पडले, वेचणीला कोणी बोलावेना, तेव्हा ती इथे आली. तिच्यासारखा भरभर कापूस वेचणारा हात पंचक्रोशीत नव्हता. जबड्यात दगड अडकला की जबडा हलवणारं बाजूचं भलंमोठं चाक जागच्या जागी थांबायचं. मग नीळकंठ मोटर बंद करायचा आणि रुपीबाई पहार घालून दगड मोकळा करायची. त्या गोंगाटात बोलायची सोयच नव्हती. मोटर बंद म्हणजे पहार आत, एवढंच तिला ठाऊक.

"दात दिसला तं सांगजो!" तिच्या कानाशी ओरडून नीळकंठ ऑफिसच्या खोलीत गेला. तिने मान डोलावली.

हिरासिंगने कोठीतून नवा दात आणून टेबलावर ठेवला. "म्यांगनीजचं पोलाद हाय, भाऊ. जेवढा मार खाईन तेवढं निबर होते."

नीळकंठने चाळा म्हणून टेबलावरचं छोटं लोहचुंबक दाताला लावलं. ते घसरून पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. दाराच्या कडीला लावलं, तर तिथे मात्र घट्ट बसलं.

म्हणजे पट्ट्यावरचं चुंबक त्या दाताला उचलणारच नव्हतं. दात सरळ जबड्यात जाणार होता. तिथे तो फुटणार नव्हता, उलट ठोके खाऊन आणखी निबर होणार होता, आणि कधीतरी उसळून समोरच्या बाईवर येणार होता.

तो धावत सुटला. हाका मारल्या, पण नगाऱ्यापुढे टिमकी कोण ऐकतो! शेवटी त्याने खटका खाली ओढला. मोटर थांबली. वाचली बाई, असं म्हणून त्याने श्वास सोडला.

रुपीबाईने सवयीने पहार उचलली. पण आज काहीच अडकलं नव्हतं. चाक मोकळं होतं, आणि मोटर बंद झाली तरी आपल्याच वेगाने गरगरत होतं. धुळीत तिला ते दिसलं नाही. तिला दिसला तो खाली जबड्यात चकाकणारा दात.

"सापडला वो भाऊ!" ती आनंदाने ओरडली आणि पहार तशीच ठेवून हाताने घ्यायला वाकली.

"हात काढ!" नीळकंठ किंचाळला. तोवर जबडा मिटला होता.

तिला जीपमध्ये घालून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, उजवा हात कोपरापासून गेला. इकडे हिरासिंगने दात बाहेर काढला, तर त्याचा टवकाही उडालेला नव्हता.

शुद्धीवर आल्यावर रुपीबाईने नीळकंठकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"भाऊ," ती म्हणाली, "मोटर तं तुमीच बंद केलती ना?"