ठिपक्याखालचं घर

मी अंगणातली, मातीत राहणारी मधमाशी बोलतेय. गांधीलमाशी म्हणाल तर खबरदार! तिची कंबर बारीक, स्वभाव तिखट आणि गोतावळा मोठा. मी गुबगुबीत, केसाळ आणि अगदी एकटी. मला राणी नाही, पोळं नाही. जमिनीत बीळ मीच खणते आणि त्यात मीच राहते.

चंदीगढात उघडी माती मिळायला नशीब लागतं. जिकडेतिकडे कापून-विंचरून ठेवलेली हिरवळ. पण एअर फोर्सच्या एका क्वार्टरपुढे वंदनाताईंनी हिरवळ खरवडून हातभर अंगण केलं होतं, रांगोळीसाठी! माहेर सांगलीकडचं. फरशीवरच्या रांगोळीनं त्यांचं मन भरायचं नाही. त्या चोपलेल्या मातीवर मी भाळलेच. मार्चच्या उन्हात बीळ खणलं, आत खोल्या केल्या. प्रत्येक खोलीत परागाचा एक लाडू, लाडवावर एक अंडं, की खोली लिंपून बंद. पोरं बाहेर येणार पुढच्या मार्चला. तोवर मी कुठली असायला! त्यांची तोंडं दिसणार नाहीत हे ठाऊक असूनच मी लाडू वळत होते.

माझ्यासारख्या आणखी काहीजणी तिथं उतरल्या. शेजार आपला नावाला. कुणी कुणाच्या दारात डोकावत नाही, इथल्या बंगल्यांसारखंच.

एक दिवस रांगोळीत भोकं दिसली आणि घरचे साहेब, हर्षवर्धन, कडाडले. "गांधीलमाश्या आहेत या! उकळतं पाणी ओत, वंदना. चावल्या म्हणजे कळेल." आणि गेले ड्यूटीवर. कायम ड्यूटीवरच असायचे ते.

ताई किटली घेऊन आल्या. मी पायांना पराग माखून परतत होते. किटलीतून वाफ निघत होती. मला पळता आलं असतं हो, पोरांना कसं येणार? मी ताईंच्या पायाजवळून तशीच बिळात शिरले.

पाणी पडलंच नाही. ताई खाली बसून माझ्या खेपा बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अगं बाई, एकटीच आहेस होय? माझ्यासारखीच गं तू." तिथूनच त्यांनी हैदराबादला शिकणाऱ्या लेकीला, ओजस्विनीला, फोन लावला. "मम्मा, क्लास में हूँ, बाद में," एवढंच ऐकू आलं. किटली गार होऊन गेली.

दुसऱ्या सकाळी बघते तर काय, सडा भोकं चुकवून शिंपडलेला! आमची भोकं हेच ठिपके धरून ताईंनी त्यांच्याभोवती रेषा फिरवल्या होत्या. माझ्या दाराशी आजवर कुणी थांबलंसुद्धा नव्हतं.

आता माझे पंख फाटलेत. शेवटची खोली लिंपून दार बुजवलंय. साहेबांची बदली झाली, सामानाचा ट्रक उभा आहे. नव्यानं राहायला आलेल्या हिमानीबाई अंगण बघून म्हणाल्या, "यहाँ भी घास लगवा लेंगे जी."

ताईंनी त्यांचा हात धरला. "इतनी-सी जगह रहने देना. पक्का? नीचे बच्चे हैं."

"हाँ जी, हाँ जी," म्हणून त्या हसल्या. हाँ जी काय, इथं सगळेच म्हणतात. ताई मात्र गाडीत बसेपर्यंत मागे वळून बघत होत्या.

मी अंगणाकडेच्या लिंबाखाली पडून आहे, मला आता उडवत नाही. म्हणून तुम्हाला विनवते, तेवढी हातभर माती उघडी राहू द्या. आणि पुढच्या मार्चला माझी एखादी लेक वर आली, दारात कुणीच नसलं, तर तिला सांगा: तू आत निजली होतीस ना, तेव्हा तुझ्या दारात रांगोळी पडायची.