हाकेला ओ न देणारी आयबिके

"आयबिके! ए आयबिके! पाहुण्यांच्या हातावर पाणी घाल!"

सेयितबेक ओरडून दमला. त्याची पाच वर्षांची लेक पाठमोरी बसून चिंध्यांच्या बाहुलीशी खेळतच राहिली.

आमच्या नारीनच्या डोंगरात मोठ्यांच्या हाकेला ओ न देणं म्हणजे घराण्याची अब्रूच गेली! आजोबांनी ताटातल्या मेंढीच्या मुंडक्याचा कान कापून नातीच्या हातात ठेवला. तो खाल्ला की पोर आज्ञेत राहतं, ही वाडवडिलांची रीत. थंडीपासून दर पंगतीत तो मान तिलाच मिळत होता.

"अख्ख्या कळपाचे कान खाल्ले पोरीनं, तरी ढिम्म!" एक पाहुणा म्हणाला. सगळे हसले.

सेयितबेकच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं मागून जाऊन लेकीच्या कानशिलात लगावली. आपण काय केलं हेच त्या लेकराला कळेना.

"हात आवर, मेल्या!" सेयितबेकची थोरली बहीण कुलसुन ताडकन उठली. ती बिश्केक शहरात कानांची डॉक्टर. तिनं मागून हळूच पोरीचं नाव घेतलं. काही नाही! समोर येऊन घेतलं, तशी आयबिकेनं मान हलवली.

"ही ओठ बघून ओळखते, रे. हिला नीट ऐकूच येत नाही!"

"पण ताई, कान कधी दुखला नाही, वाहिला नाही," आयबिकेची आई बुरुल रडवेली झाली.

"म्हणून तर कळत नाही, बुरुल. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागं पाणी साचतं. बहुतेक पोरांचं आपोआप जातं, हिचं डिंकासारखं चिकट होऊन बसलं असणार. शब्द शिकायच्या वयात पोर बहिरी, आणि तुम्ही तिला हट्टी म्हणून बडवताय!"

आजोबांनी मान खाली घातली.

पुढं शहरातल्या दवाखान्यात पाणी काढून, ते पुन्हा साचू नये म्हणून पडद्यात बारीक नळी बसवली. परतताना घोड्याच्या टापा ऐकून आयबिके दचकली, मग खुदकन हसली. सेयितबेकला भरून आलं. तिच्या केसांवरून फिरवायला त्यानं हात उचलला.

पोरीनं डोकं झाकून घेतलं, अंग चोरलं. वर्ष झालं, अजून तसंच करते.

बाबांनो, बायांनो, पोर हाकेला ओ देत नसेल, तर हात उगारण्याआधी त्याचे कान तपासून घ्या. साचलेलं पाणी डॉक्टर काढतील. आपण मनात घातलेली भीती काढणारा दवाखाना कुठंच नाही!