टाळ न वाजणारी सायकल

पाचर अजून अर्धा इंच आत जायला हवी होती. बाबाजी पावसकरांनी हातोडी उलटी धरली, लाकडी मुठीने पाचरीला दोनदा हलकेच ठोकलं आणि सायकलीच्या सीटवर दोन्ही हातांनी भार देऊन बघितला. मघापर्यंत झोपाळ्यासारखी खालीवर होणारी मागची बाजू आता जागची हलली नाही.

“बसली एकदाची,” ते समाधानाने म्हणाले. “एवढी महागाची वस्तू, आणि कंबरेत खिळखिळी. आजकाल कुणाला साधा नट आवळता येत नाही.”

सुगंधाबाई चहाचा पेला घेऊन दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. “रुबेनने ती तुम्हाला बघायला दिलीय ना? की ठोकायला?”

“अगं, बघताना दिसलं ते तसंच ठेवायचं?”

“आणि उद्या चालवणार कोण?”

बाबाजींनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारण्यात नको इतका वेळ घालवला.

भाईंदर पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली बाबाजींचं दुकान. दुकान म्हणजे एक मोठं कपाटच म्हणा ना. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेला बोर्ड होता: ‘प्रत्येक सायकल स्वतः चालवून मगच दिली जाईल.’ हे नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं. चाळीस वर्षांत पंक्चर काढलेली सायकलसुद्धा बाबाजींनी कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत चालवून आणल्याशिवाय दिली नव्हती. आणि चालवायची तीही कशी, तर हँडलला टाळांची जोडी अडकवून. ही जोडी मूळची हनुमानाच्या देवळातली. तिथल्या कीर्तनात बाबाजी तीस-बत्तीस वर्षं बुवांच्या मागे टाळ धरून उभे राहत. एका रामनवमीला एका टाळाचा काठ चिरला. देवाच्या कामाची वस्तू टाकवेना, म्हणून त्यांनी ती दुकानात आणली. सायकलीत कुठे काही ढिलं असलं की टाळ किणकिणत. खड्ड्याने वाजलेले टाळ वेगळे आणि ढिल्या नटाने वाजलेले वेगळे, हे बाबाजींचा कान अचूक ओळखे. टाळ गप्प राहिले, की सायकल पास.

पण गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास चिकनगुनिया आला आणि जाताना दोन्ही गुडघे घेऊन गेला. ताप उतरला, गुडघे काही परतले नाहीत. तेव्हापासून बाबाजी सायकल उलटी करून पेडल हाताने गरगर फिरवत आणि गिऱ्हाईक आलं की “झाली हो ट्रायल” म्हणत. कीर्तनातही ते खांबाला टेकून बसू लागले. कुणी विचारलं तर म्हणत, “बसून ऐकलं की नाम जास्त खोल उतरतं.” लोकांना ते पटलं. दोघा-चौघांनी तर भक्ती वाढवायला आपणही बसायला सुरुवात केली. खरं काय ते एकट्या सुगंधाबाईंना ठाऊक होतं. आणि बोर्डाखालून जाताना त्या वर बघत नसत.

अशात उत्तनच्या डॉमनिकचा, म्हणजे बाबाजींच्या जुन्या कोळी दोस्ताचा, मुलगा रुबेन ही बॅटरीची सायकल घेऊन आला होता. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं गाड्या भरभरून उत्तनला येतात, मासे खातात आणि झाडाखाली आडवी होतात. त्यांना अशा सायकलींवर बसवून डोंगरीच्या टेकडीवरच्या पायवाटांनी फिरवायचं, असा रुबेनचा बेत. त्यासाठी घरामागचं अंगण हवं होतं, आणि त्या अंगणात डॉमनिकची जाळी वाळत. डॉमनिकने एकच अट घातली होती: बाबाजीने चालवून बघावी. बाबाजी हो म्हणाला तर अंगण रुबेनचं, नाही म्हणाला तर जाळ्यांचं. विक्रेत्याने नमुन्याची सायकल दोनच दिवसांसाठी दिली होती.

म्हणजे चालवणं आलं. तेही गल्लीत नाही, टेकडीवर, आणि डॉमनिकच्या डोळ्यांदेखत.

रविवारी सकाळची चर्चमधली मिस्सा आटोपून बाप-लेक टेम्पो घेऊन आले. टेम्पोला सुक्या बोंबलांचा वास होता, डॉमनिकला अत्तराचा.

“काय रं बाबाजी, चालवलीस का न्हाय?”

“तुझ्यासाठी थांबलो होतो,” बाबाजी म्हणाले. “तोवर तिची कंबर तेवढी सरळ केली.”

रुबेन खाली वाकला. सायकलीच्या पोटात, मागच्या चाकाला धरणाऱ्या दांड्याच्या आणि सांगाड्याच्या मधोमध, सागवानी पाचर होती. वरून जुन्या ट्यूबची पट्टी तीन फेरे घालून आवळलेली. काम नीटनेटकं होतं, यात वाद नाही.

“अंकल, ये लकडी किसने डाला?”

“मीच. लूज होती.”

“लूज नाहीये अंकल. ते तसंच असतं. मागचं चाक वर-खाली व्हायलाच पाहिजे. पुढे पण, मागे पण. फुल सस्पेन्शन म्हणतात त्याला.”

“म्हणजे हलते म्हणून चांगली?”

“हां.”

चाळीस वर्षांत बाबाजींनी जे जे हललं ते ते आवळलं होतं. डॉमनिक टेम्पोच्या दाराला धरून हसत होता. हसता हसता त्याने कवळी सांभाळायला तोंडावर हात धरला. “बरा झाला, घंटी वाजते म्हणून ती पण न्हाय आवळलीस.”

रुबेनने पट्टी सोडली, पाचर हळूच काढली, दांडा निरखून बघितला. ओरखडा नव्हता. बाबाजींनी लाकडाला आधी फडकं गुंडाळलं होतं. पाचर त्यांनी खिशात घातली आणि टाळ उचलून टेम्पोत बसले. सुगंधाबाईंनी खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, “पडू नका. आणि पडलात तर हट्टाने लगेच उठू नका.”

टेकडीच्या पायथ्याशी सायकल उतरवली आणि बाबाजींनी वेळ काढायला सुरुवात केली. आधी टायर दाबले. मग साखळीचा एकेक दुवा बोटाने तपासला. मग ब्रेकच्या पत्र्याच्या चकत्यांचा वास घेतला.

“वासावरून काय कळतं?” रुबेनने विचारलं.

“पुष्कळ कळतं,” बाबाजी म्हणाले. काय कळतं ते सांगितलं नाही.

“आता बसतोस, का तिची सोयरीक जुळवायला आलास?” डॉमनिक म्हणाला.

बसणं भाग पडलं. डावा पाय दगडावर ठेवून त्यांनी उजवा पाय कसाबसा पलीकडे टाकला, आधाराला हँडल पकडलं आणि अंगठ्याखाली कसलीशी कळ दाबली गेली. तशी सीट त्यांना घेऊन सुस्कारा टाकत वीतभर खाली गेली.

“मोडली,” बाबाजी पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाले.

“नाही अंकल, उतारावर सीट खाली घेतात. ते बटन आहे. तुम्ही जरा उठा, परत दाबा, वर येईल.”

जरा उठणं म्हणजे काय ते बाबाजींच्या गुडघ्यांना विचारायला हवं होतं. पण उठले. सीट वर आली. रुबेनने हँडलजवळच्या छोट्या पडद्यावर काहीतरी केलं, बाबाजींनी हँडलला टाळ अडकवले, मनात मारुतीरायाचं नाव घेतलं आणि पेडलवर पाय टाकला. गुडघ्यातून नेहमीची कळ निघाली. पण अर्धा फेरा व्हायच्या आतच पाठीला कुणाचा तरी तळवा लागल्यासारखं झालं आणि सायकल चढाला लागली.

“सोड रे मागून,” ते ओरडले. “माझा मी चालवतो.”

“मी इथे आहे अंकल,” रुबेनचा आवाज लांबून, खालून आला.

बाबाजींनी मान वळवली. रुबेन पन्नास पावलं मागे होता आणि डॉमनिक त्याच्याही मागे. सायकलीमागे कुणीही नव्हतं.

मग ते नुसते चालवत राहिले. पाय ठेवायचा, नुसतं सांगून बघायचं, की पुढचं ती बघे. वाट मुरमाची होती, नंतर करवंदीच्या जाळ्यांमधून वळणं, नंतर उघडे खडक. पुढचं चाक दगडावर चढे, दबे, उतरे, मागचं त्याच्यापाठोपाठ. पण सीटवर त्यातलं फारसं काही पोचत नव्हतं. बाबाजी कान देऊन होते. टाळ एखाददुसऱ्या मोठ्या दगडाला टिणकन वाजत, पण ती ढिली किणकिण कुठेच नव्हती. खालून सगळं हलत होतं आणि टाळ स्वस्थ होते.

आणि एकदम त्यांना बुवा दिसले. उत्तररंगात आलेले, कथा रंगलेली, बुवा गुडघ्यात लवतायत, कमरेत लवतायत, उपरणं सावरत गिरकी घेतायत. आणि इतकं करून गळ्यातला सूर केसभर हलत नाही. बत्तीस वर्षं त्यांच्या पाठीशी उभं राहून हे डोळ्यांनी पाहिलेलं. लवतात म्हणूनच सूर टिकतो. पाचर मारून उभे केलेले बुवा गातील काय? बाबाजींना काल रात्रीच्या आपल्या कारागिरीचं इतकं हसू आलं, की ते एकटेच मोठ्याने हसले आणि सायकल जाळीत जाता जाता राहिली.

माथ्यावर देवीच्या देवळासमोर ते थांबले. नवरात्रात दर वर्षी ते इथे पायी यायचे. मागच्या नवरात्रात “दुकानात काम आहे” म्हणून आले नव्हते. आता पाय जमिनीवर टेकले, हात जोडले आणि बराच वेळ काही मागितलंच नाही. खाली समुद्र होता, किनाऱ्याला होड्या होत्या. घाम आला होता, पण फक्त कपाळावर.

बाकीची परीक्षा त्यांनी रीतसर घेतली. उतारावर दोन बोटांनी ब्रेक दाबून बघितला, ओल्या मातीत दाबून बघितला. मोटर बंद करून सपाटीवर चार फेरे मारायला गेले, दोनच मारले आणि उतरले. सायकल पायरीवर उचलून ठेवायला गेले तर ती उचलली जाईना. रुबेन मदतीला आला तेव्हा त्याला हाताने थांबवलं आणि आणखी एकदा ओढून बघितलं.

डॉमनिक धापा टाकत वर पोचला आणि दगडावर बसला. “बोल. काय म्हणते सायकल?”

रुबेन उभाच राहिला. दोन्ही हात खिशात, नजर बाबाजींच्या तोंडाकडे.

“ब्रेक फर्स्ट क्लास,” बाबाजी म्हणाले. “चढाला वाघ. दगडावरून जाताना पोटातलं पाणी हलत नाही. पण जड आहे. बॅटरी वाटेत संपली तर ही सायकल नाही, म्हैस आहे. तेव्हा फेरी अर्ध्या बॅटरीतच परत फिरवायची. आणि ह्या सांध्यांना तुमची खारी हवा खाणार. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसायची, आठवड्याला तेल. अंगणात उघड्यावर ठेवलीस तर मी हात लावणार नाही.”

“पत्रे टाकतो अंकल, वरून.”

“म्हंजे हो का न्हाय?” डॉमनिकने विचारलं.

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. बाबाजींनी हँडलवरचे टाळ काढले आणि हातात धरले, वाजू नयेत म्हणून एकावर एक दाबून.

“डॉमनिक, माझे गुडघे गेलेत. दसऱ्यापासून मी कुठलीच सायकल चालवलेली नाही. नुसती हाताने फिरवतो आणि देतो. घरचा जिना चढताना मध्ये दोनदा थांबतो. असा माणूस हिने इथवर आणला. म्हणून हो म्हणतोय. हे सांगितलं नाही तर माझ्या हो म्हणण्याला काय किंमत?”

रुबेन काहीतरी बोलायला गेला. डॉमनिकने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

“म्हायत हाय,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“शिमग्याच्या आधी माझी सायकल दिलीस ना. मागचा ब्रेक चाकाला घासत व्हता. पार उत्तनपर्यंत घासत गेला. तू बसला असतास तर पिंपळाजवळच कळला असता.”

बाबाजींचे कान तापले. “मग आणून का नाही टाकलीस?”

“मीच केला घरी. आता घासत न्हाय.” डॉमनिकने नाक चोळलं. “आता लागत पण न्हाय.”

“आणि तशीच चालवतोस?”

“पाय हायेत ना थांबवायला.”

बाबाजींना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. “एवढं माहीत होतं तर आज मला कशाला आणलंस?”

“बोर्ड हाय ना तुझा,” डॉमनिक म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. “रुबेन, जाळी उचलायला मदत कर मला दुपारी.”

सोमवारी सकाळी बाबाजींनी डॉमनिकची सायकल मागवून घेतली आणि ब्रेकचे रबर बदलले. डॉमनिकचं काम उलगडायला तासभर लागला. ते होतंय तोवर राई गावातून फुलं घेऊन येणारी शेवंती आपली सायकल न्यायला आली. कॅरिअरला रिकामी टोपली बांधत ती म्हणाली, “झाली का ट्रायल काका?”

“नाही झाली.”

ती थांबली. तिने वर बोर्डाकडे बघितलं. बाबाजींनी खुंटीवरचे टाळ काढून तिच्या हँडलला अडकवले.

“पिंपळापर्यंत जा आणि परत ये. वळताना जोरात वळव.”

“मी? तुम्ही नाही बसत?”

“तू बस. मी ऐकतो.”

शेवंतीने साडी खोचली आणि निघाली. सुगंधाबाईंनी आतून स्टूल आणून पायरीजवळ ठेवलं. बाबाजी बसले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा होत्या, भाजीवाला ओरडत होता, वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी होत होती. त्यातून ते कान पुढे करून, डोळे मिटून उभे होते, बुवांनी पहिला सूर लावायच्या आधी उभे राहत तसे. सायकल पिंपळाशी वळली. परत आली.

टाळ वाजले नव्हते.

“पास,” बाबाजी म्हणाले, आणि मग स्टुलावर बसले.