डंपरच्या वाट्याचा कूलर

मी कूलर. पत्र्याचा, निळ्या रंगाचा, खिडकीत बसणारा. तोंड घरात आणि पाठ गल्लीत, त्यामुळं घरातलं सगळं दिसायचं आणि गल्लीतलं सगळं ऐकू यायचं. मग दुसऱ्याच्या घरात काय शिजतं याची चौकशी करायची खोड लागणारच. आता मात्र मी जिथं आहे तिथं खिडकी नाही. म्हणून जे पाहिलं ते सांगून टाकतो.

माझा जन्म वरोऱ्याचा. एका कारागिरानं पत्रा वाकवून मला उभं केलं, तीन बाजूंच्या ताट्यांत गवत भरलं, पोटात टाकी आणि पाण्याची मोटर बसवली. माजरीच्या कोळसा खाणीजवळच्या एका खेड्यातले सोमाजीभाऊ मला बैलबंडीत घालून घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोला, कुंताबाईला, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटताना ऊन लागलं होतं. वावरातच पडली होती बिचारी. तिच्यासाठी मला आणलं.

कूलरची जात मोठी विचित्र. उन्हाळ्यात घरातले सगळे माझ्या तोंडासमोर येऊन बसतात, पाहुण्यालाही माझ्यापुढची जागा देतात. पहिला पाऊस पडला की मी गच्चीवर, अंगावर खताची फाटकी चुंगडी. माझी तक्रार नाही. पण त्यामुळं एक गोष्ट मला चांगली कळते. माणसाला हिवाळ्यात उन्हाळा आठवत नाही.

तसंच झालं. दिवाळी होऊन गारठा पडला होता. सोमाजीभाऊंचा पोरगा प्रफुल खाणीत ठेकेदाराकडे डंपर चालवतो. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर गावाच्या कडेला उभे आहेत, त्यांवर झुडपं माजली आहेत आणि त्यांत बिबट राहतो. गावातली दोन कुत्री त्यानं उचलली होती. प्रफुलनं मोबाईलवर बुली जातीच्या कुत्र्यांचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली आणि एक दिवस नागपूरहून पिल्लूच घेऊन आला. एक बैल आला असता एवढे पैसे देऊन. शुद्ध जातीचे कागद मागून पाठवतो म्हणाला होता विकणारा. ते आजवर आले नाहीत.

मी गच्चीवरून वाकून पाहत होतो. नारळाएवढं डोकं, रुंद छाती, गुलाबी-पांढरी कातडी आणि नाक असं बसकं की कोणी पाट्यानं चेपलं असावं.

शेजारच्या आशाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "हे काय आणलं बाबू? डुकराचं पिल्लू का?"

"बुली हाय काकू. बिबट्यासाठी आणला. मोठा झाला की पाहा कसा होते तं."

"बिबट्यासाठी राखणदार आणला का डबा?"

सगळे हसले. प्रफुलही हसला. त्यानं त्याचं नाव डंपर ठेवलं.

सोमाजीभाऊ बैल घ्यायला गेले की बाजारात अख्खा दिवस घालवत. दात पाहायचे, खूर पाहायचे, औताला जुंपून पाहायचे, विकणाऱ्याच्या गावात जाऊन चार घरी विचारून यायचे. पिल्लाचंही त्यांनी तसंच केलं. मांडीवर घेतलं, जबडा उघडला, दात मोजले, पाय दाबून पाहिले. "हाडानं मजबूत हाय लेकाचा," म्हणाले आणि खूश झाले. नाकाकडं त्यांनी पाहिलंच नाही. बैलाचं नाक वेसणीपुरतं पाहायचं असतं ना.

हिवाळाभर डंपरचे लाड झाले. चुलीवर त्याच्यासाठी वेगळी कोंबडी शिजायची. अंडी, ताकदीची पावडर, मग अंगावर चट्टे उठले तर गोळ्या आणि औषधाचा साबण. प्रफुलचा अर्धा पगार त्याच्या पोटात आणि कातडीवर जायचा. गावातली कुत्री भाकरीच्या तुकड्यावर गल्लीभर भुंकत फिरायची. हा भुंकायचाच नाही. उन्हात पोट टाकून घोरायचा. लोक लांबून फोटो काढायचे आणि जवळ यायला भ्यायचे.

होळीनंतर मला खाली उतरवलं. नवं गवत भरलं, टाकी धुतली, खिडकीत बसवलं. पहिली हवा सुटली तसा डंपर कुठून तरी धडपडत आला आणि कुंताबाईच्या खाटेखाली शिरला.

"ए, हो बाहेर! हा माहा कूलर हाय," कुंताबाई ओरडल्या.

तो गेला नाही. त्यानं त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी कुंताबाईंनी स्वतःच खाट थोडी सरकवली, म्हणजे दोघांनाही झोत लागावा. दुपारभर दोघं घोरत. आशाबाई खिडकीतून विचारत, "कोण घोरून राह्यलं वो बाई, तुमी का तो?" आणि आतून उत्तर यायचं, "मी कायले घोरू! मी तं जागीच हाय."

माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

मग नवतपा लागला. उन्हाळ्याचे ते शेवटचे, सगळ्यात जहाल दिवस आमच्या चंद्रपूरकडं कसे असतात ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पक्षी झाडावरून टपकतात. त्यातच सोमाजीभाऊंच्या भाचीचं लग्न आलं. भाऊ नवरीचे मामा, म्हणजे अंतरपाटाच्या वेळी ते पाठीशी हवेतच. कुंताबाई मामी. प्रफुलकडे वाढप्यांचं काम. घरातलं एकही माणूस मागं राहू शकत नव्हतं.

प्रश्न आला, डंपरचं काय? गावठी कुत्र्याचा असा प्रश्न कधी येत नाही. ते कोणाच्याही ओट्यावर पडतं, कोणीही तुकडा टाकतं. याला सांभाळायला कोणी तयार होईना.

"काकू, दुपारपुरता पाहा ना," प्रफुल आशाबाईंना म्हणाला.

"नोको रे बाबा. त्याचा जबडा पाहूनच मले घाम सुटते."

शेवटी त्याला माझ्या खोलीत ठेवलं. मला काठोकाठ भरलं, चालू केलं, बाहेरून कुलूप लावलं. "थंडगार झोपून राहीन," प्रफुल म्हणाला आणि सगळे गाडीत बसून गेले.

भर दुपारी लाईन गेली.

माझा पंखा हळू झाला आणि थांबला. थोड्या वेळात स्लॅबचा ताव खाली उतरू लागला. बंद खोली, आत माझीच ओल साचलेली, त्यामुळं हवा जड झाली होती. डंपर उठला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्या जाळीला त्यानं नाक लावलं, पंजा मारला. माझ्या पोटात टाकीभर पाणी होतं आणि ते मला त्याला देता येत नव्हतं. त्याचा श्वास आधी घरघरला, मग त्याला करवतीसारखा आवाज येऊ लागला. जीभ जांभळी पडली. मग तो आडवा झाला.

आशाबाईंचा दुपारी डोळा लागत नाही. शेजारच्या घरातून कसला आवाज येतो आणि कसला येत नाही, दोन्हीकडं त्यांचा कान. त्या खिडकीशी आल्या. "डंपर! ए डंपर!" आतून फक्त ती करवत. त्यांनी प्रफुलला फोन लावला. तिकडं बँड वाजत होता.

"कुलूप तोडून राह्यली मी! हो, तोडून राह्यली! ऐकू नाई आलं तं नोको येऊ!"

सब्बल घालून त्यांनी कडीच उपटली. आत आल्या, त्याला पाहिलं आणि एक क्षण दारातच थबकल्या. मग माझी बाजूची ताटी ओढून काढली आणि माझ्या टाकीतलं पाणी मगानं त्याच्या अंगावर ओतू लागल्या. पोटावर, मानेवर, पंज्यांवर. एका हातानं मग आणि दुसऱ्या हातात लुगड्याचा पदर, त्यानं वारा घालत. "मले चावला तं पाह्य," त्या रडत म्हणत होत्या. "चाव लेका, पण ऊठ."

प्रफुल लग्नाच्या कपड्यातच आला. डंपरला गाडीत घालून वरोऱ्याला नेलं. वाचला. पण डॉक्टर काय म्हणाले ते संध्याकाळी मी ऐकलं. अशा नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करताच येत नाही. आता दर उन्हाळा त्याच्या जिवावरचा. घेताना विकणाऱ्याला विचारलं होतं का?

"सगळं विचारलं होतं," प्रफुल म्हणाला. "डोकं केवढं होईन, छाती केवढी होईन. हे नाई विचारलं."

पावसाळा गेला. पुन्हा दिवाळी झाली, गारठा पडला, डंपर टवटवीत झाला. प्रफुल मात्र पुढच्या उन्हाळ्याला किती महिने उरले ते मोजू लागला. एक दिवस आईला म्हणाला, "माय, अजून एक उन्हाळा माह्यानं पाहवणार नाई." त्यानं पहाटेच्या थंडीत डंपरचा व्हिडिओ काढला. छाती काढून उभा असलेला डंपर. खरंच सिंहासारखा दिसत होता. फुकट देणे, असं लिहून मोबाईलवर टाकला.

एटापल्लीहून प्रणित नावाचा पोरगा पिकअप घेऊन आला. हसरा, मोकळा. डंपरभोवती फिरला आणि तेच विचारलं. डोकं अजून वाढते का? छाती वाढते का? बिबट्याले भेत नाई ना?

आशाबाई कुंपणावरून डोळ्यांनी खुणावत होत्या. प्रफुल एवढंच म्हणाला, "उन्हाळ्यात थोडं जपजो."

"जपू ना भाऊ. आमच्याकडं जंगल हाय, थंड असते."

प्रफुलनं मान हलवली. त्याला ते खरं मानायचं होतं.

तेवढ्यात कुंताबाई बाहेर आल्या. "थोडं नाई रे बापा," म्हणाल्या. "मरते तो. माह्या डोळ्यानं नाई पाह्यलं, पण ह्या आशाबाईनं पाह्यलं. तुह्याकडं कूलर हाय काय?"

"घेऊ ना काकू."

"घेऊ नोको. हा ने." त्यांनी गच्चीकडं बोट केलं. माझ्याकडं.

"माय, तुले?" प्रफुल म्हणाला.

"मी निंबाखाली बसीन. मले सावली शोधता येते. त्याले कोण शोधून देईन?"

मला उतरवून पिकअपमध्ये ठेवलं. कुंताबाईंनी माझ्यावरची धूळ पदरानं पुसली आणि डंपरच्या कानामागं खाजवलं. नंतर त्या आत गेल्या. गाडी निघाली तेव्हा बाहेर फक्त आशाबाई होत्या.

आता मी एटापल्लीत आहे. प्रणितचं टायर-पंक्चरचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत मी. माझ्यावर जुने टायर रचले आहेत. टाकीत ट्यूबचे तुकडे पडलेत. प्रणित वाईट नाही. डंपरला रोज स्वतःच्या हातानं खाऊ घालतो. पण त्याला दुकानासमोर साखळीनं बांधतो, म्हणजे येणारे-जाणारे थांबून पाहतील. पाहतातही.

बाहेर मोह वेचायला बाया निघाल्याचा आवाज येतो. पळस फुलून गेला म्हणे. काल कोणी तरी विचारलं, "प्रणित, याले धाप लागून राह्यली. तो कूलर काऊन नाई लावत?"

"अजून कुठी उन्हाळा लागला? नवतपा येऊ दे, मग काढू."

प्रणितदादा, नवतप्याची वाट पाहू नको. कुंताबाईंनी मला तुझ्याकडं दिलं ते एवढ्यासाठीच. आणि वाचणाऱ्या माणसा, तुझ्याही मोबाईलवर असं गुबगुबीत पिल्लू आलं असेल, तर त्याच्या डोक्याचा घेर नंतर विचार. आधी तुझ्या गावचा मे महिना आठव, दुपारी घरी कोण असतं ते आठव.

आणि एटापल्लीच्या चौकातून जाणं झालं, तर दुकानात डोकावून एवढं सांगा: टायर खाली उतरवा, गवत नवं भरा, पाणी ओता. दुपार झाली की दाराबाहेरून ती करवत मला ऐकू येते. दिवसेंदिवस ती लवकर सुरू होते आहे, आणि माझी टाकी कोरडी आहे.